जुना ३ फुटी टँक आणलाय, काचेवरची पांढरी रेघ आणि शेवाळ कसं काढायचं?

रेवती_वाघोली:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. ऑफिसातला एक मुलगा बंगलोरला शिफ्ट झाला, जाताना त्याचा फिश टँक मला देऊन गेला, पैसे नकोच म्हणाला, दोन बिर्याण्यांवर सौदा झाला. ३ फूट लांब, दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद, काच ८ एमएमची. टेम्पोतून आणून हॉलमध्ये ठेवला, ट्यूब लावली आणि तेव्हा कळलं की बिर्याणी महाग पडली.

दीड-दोन वर्षं तो त्याच्या बाल्कनीत रिकामाच पडून होता. वरच्या कडेपासून तीन बोटं खाली चारही बाजूंनी पांढरी जाड रेघ आहे, नखाने खरवडली की खडूसारखी पूड निघते पण रेघ आहे तिथेच. तिच्याखाली सगळी काच धुरकट. मागच्या काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके, आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर वाळलेलं काळपट शेवाळ. एका कोपऱ्यात तर सिलिकॉन निळं पडलंय, ते कशाने तेही कळेना.

काल मी भांड्यांचा लिक्विड सोप आणि तारेची घासणी घेऊन बसणारच होते, तेवढ्यात सासरे म्हणाले थांब गं, आधी कुणाला तरी विचार. आमच्या मावशींचं म्हणणं आहे की टॉयलेट क्लीनर ओता, वरून ब्लीच टाका आणि रात्रभर ठेवा, त्या बाथरूमच्या टाइल्सना तसंच करतात म्हणे, सकाळी चकाचक. पण नंतर यात मासे सोडायचेत म्हणून धाडस होत नाहीये. काय करू?

बोअरवेल_बंड्या:
रेवतीताई हातातलं सगळं खाली ठेवा आधी. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, टँकचं सोडा, बाथरूममध्ये पण नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो, १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. बंद मोरीत तर श्वासच कोंडतो. मी स्वतः एकदा गच्चीवरची टाकी धुताना हा उद्योग केला होता, टाकीच्या तोंडाशीच होतो म्हणून वाचलो, नंतर दोन दिवस खोकत होतो आणि बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळी. मावशींना आजच सांगा प्लीज, त्या रोज तेच हुंगतायत.

आणि व्हिनेगर + ब्लीच पण तेच बरं का. व्हिनेगर साधं वाटतं पण अॅसिडच आहे ते. काच पुसायचे काही स्प्रे असतात त्यात अमोनिया असतो, तेही ब्लीचबरोबर नाही.

रेवती_वाघोली:
बापरे. सांगितलं मावशींना. त्या म्हणाल्या "तरीच डोळे चुरचुरतात". इतकी वर्षं तेच करतायत त्या, आता मलाच अपराधी वाटतंय.

चिंचवडचा_मासेवाला:
नमस्कार रेवतीताई. १९९८ पासून टँक ठेवतोय, त्यातले निम्म्याहून जास्त असेच कुणाच्या तरी बाल्कनीतून उचललेले, त्यामुळे घाबरू नका, हे सगळं निघतं. फक्त घाई केली तर काच खराब होते आणि ती मग कशानेच नीट होत नाही.

ती पांढरी रेघ म्हणजे तुमच्या गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जमतं तेच, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, त्याच्या भेगांतून झिरपून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. टँकमधून उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. मग लोक काय करतात, पाणी खाली गेलं की वरून दोन मग ओततात, परत उडतं परत ओततात, आणि पाणी बदलायचा कंटाळा. म्हणजे आमटी आटवत जायची आणि प्रत्येक वेळी खारट पाणीच घालत राहायचं. तुमच्या त्या मुलाने नक्की हेच केलंय, रेघ इतकी जाड उगाच होत नाही.

आता कृती. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणा, साधं, ४ टक्केवालं, रंगाचं किंवा वासाचं नको. घासायचं नाही, भिजवायचं. टँक आडवा करा, खाली जुनी गोधडी घाला. हे एकटीने अजिबात करू नका, तुमच्या मापाचा रिकामा टँकच ३० किलोच्या आसपास भरेल आणि ओली काच हातातून सटकते. जी काच खाली येईल तिच्यावर व्हिनेगर ओता, पातळ डबकं झालं पाहिजे. रेघेवर जुन्या बनियनच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुचकळून चिकटवा आणि वरून क्लिंग फिल्म दाबून बसवा, नाहीतर पंख्याखाली अर्ध्या तासात वाळतं आणि काही उपयोग होत नाही. बारीक बुडबुडे येताना दिसतील, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे क्षार विरघळतोय. बुडबुडे थांबले आणि थर अजून आहे म्हणजे ते व्हिनेगर दमलं, पुसून नवं ओता. दोन तास ठेवा, फार जाड असेल तर रात्रभर. मग दुसऱ्या काचेवर उलटवा. एका दिवसात चारही बाजू होत नाहीत, शनिवार-रविवार धरून चाला.

व्हिनेगर लिटरवारी परवडत नसेल तर केकचं सामान मिळतं त्या दुकानातून सायट्रिक अॅसिडची पूड आणा, लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे. माझ्या मते ते जास्त चांगलं चालतं आणि घरभर चायनीजच्या गाडीसारखा वास येत नाही. कोमट म्हणजे कोमटच हां, उकळतं पाणी काचेवर ओतलंत तर तडा जाईल. उन्हात तापलेल्या टँकवर थेट गार पाण्याची पाइप सोडली तरी तेच. माझा एक दोन फुटी टँक मे महिन्यात असाच टक्कन आवाज करून गेला, आवाज अजून कानात आहे.

भिजल्यावर उरलेलं स्क्रॅपरने काढा. काच ओली ठेवायची, ब्लेड नवं, जवळजवळ आडवं धरायचं आणि एकाच दिशेने ढकलायचं. ते हिरवे ठिपके फडक्याने मरेपर्यंत जाणार नाहीत, ब्लेडने पापड्यांसारखे सुटतील. पण सिलिकॉनच्या जवळ ब्लेड न्यायचं नाही, बोटभर लांब राहा. कोपऱ्यात जुनं एटीएम कार्ड चालवा, नाहीतर मऊ टूथब्रश. तारेची घासणी नको, साबण तर अजिबात नको, साबणाचा अंश राहिला की माशांचे कल्ले जातात. आणि स्पंज दर दोन मिनिटांनी विसळा, त्यात वाळूचा एक कण अडकला की काचेवर कायमचा ओरखडा.

निळं सिलिकॉन म्हणजे त्याने माशांना निळं औषध दिलं असणार, मिथिलीन ब्लू. डाग जात नाही पण त्याने काही बिघडतही नाही. मात्र त्याला फोन करून विचारा की तांब्याचं औषध कधी टाकलं होतं का. तांब्याचा अंश टँकमध्ये राहू शकतो, माशांना फारसं काही होणार नाही पण पुढे कोळंबी किंवा गोगलगायी ठेवल्यात तर त्या मरू शकतात.

मेघना_कोथरूड:
मध्येच विचारते, रात्रभर व्हिनेगर ठेवलं तर सिलिकॉन सुटणार नाही का? माझा पण एक टँक असाच पडलाय म्हणून.

चिंचवडचा_मासेवाला:
नाही सुटत. टँकचं सिलिकॉन नवीन लावतात तेव्हा नाकात जातो तो आंबट वास कसला असतो सांगा? अॅसिटिक अॅसिडचाच, म्हणजे व्हिनेगरचाच, वाळताना तेच बाहेर पडतं. त्याला व्हिनेगरचं काय भय. सिलिकॉन जातं ते ब्लेडने आणि म्हातारपणाने.

फक्त तुमचा टँक काचेचाच आहे ना बघून घ्या. अॅक्रिलिक असेल तर ब्लेड लावूच नका. टिचकी मारून बघा, काच टणटण वाजते, अॅक्रिलिक डबड्यासारखं.

लॅबवाली_नाशिक:
मासेवाले काका, क्षाराचं सगळं बरोबर, पण निर्जंतुक करायचं राहिलं की. व्हिनेगरने जंतू मरतील यावर विसंबू नये. आधीचे मासे कशाने मेले ते आपल्याला माहीत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून थोडं जास्त सांगते, मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा एक जिवाणू टँकच्या पाण्यात असू शकतो, टीबीच्या जिवाणूचा चुलतभाऊ समजा. हाताला चीर असेल आणि तिथून शिरला तर बोटावर किंवा मनगटावर गाठ येते, बरी होता होत नाही, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घ्यावी लागतात. रोज होणारी गोष्ट नाही, पण हातमोज्यांना पैसे ते किती पडतात. कोपरापर्यंतचे रबरी घ्या.

माझी पद्धत: शेवाळाच्या दिवशी ब्लीच, क्षाराच्या दिवशी व्हिनेगर, मध्ये एक पूर्ण दिवस. साधं बिनवासाचं ब्लीच, १ वाटीला २० वाट्या पाणी, गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या ठेवून. स्पंजने सगळीकडे फिरवा, १५ मिनिटं राहू द्या, शेवाळ पांढरं पडून सुटतं, सिलिकॉनवरचं पण, जे घासून निघत नाही. मग तीन-चार वेळा खळखळून धुवा, शेवटच्या पाण्यात माशांच्या दुकानातलं क्लोरीन काढायचं औषध नेहमीच्या दुप्पट टाकून तासभर भरून ठेवा, रिकामा करा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. नाक लावून ब्लीचचा वास येत नसेल तरच पुढे जायचं.

चिंचवडचा_मासेवाला:
ताई तुमचा मुद्दा मान्य, तरी मी ब्लीच फारसं वापरत नाही. दीड वर्ष हाडासारखा कोरडा पडलेला टँक आहे, माशांचे नेहमीचे पांढऱ्या ठिपक्यांचे रोग माशाशिवाय इतके दिवस जगत नाहीत. दोन दिवस कडक उन्हात ठेवला की माझं समाधान होतं.

लॅबवाली_नाशिक:
तुमचं समाधान होतं काका, मायकोबॅक्टेरियाचं होत नाही. ते कोरडेपणाला चिवट असतात. तसे ते पातळ ब्लीचलाही चिवटच, हेही प्रामाणिकपणे सांगते, म्हणून मी शेवटी टँक कोरडा झाल्यावर ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल पण पुसून घेते. गॅसजवळ किंवा देवघराच्या दिव्याजवळ नाही हां, पेट घेतं.

चिंचवडचा_मासेवाला:
बरं बाई, हरलो. पण हातमोजे मीही घालतो आता, वय झालं.

रेवती_वाघोली:
अपडेट देते. आदल्या शनिवारी गच्चीवर ब्लीच, नवरा आणि दीर उचलायला. शेवाळ खरंच पांढरं पडून सोललं. मंगळवारी रात्री पहिली काच व्हिनेगर. पट्ट्या लावल्या, फिल्म लावली, कान जवळ नेला तर बारीक चर्रर्र असा आवाज येत होता, सोडा वॉटरसारखा! सासरे चष्मा लावून बुडबुडे बघत बसले, जेवायला उठेनात. सकाळी रेघ साबुदाण्याच्या लापशीसारखी मऊ झाली होती, कार्डाने निघाली. तीन काचांना पाच बाटल्या लागल्या आणि शेवटची बाजू सायट्रिक अॅसिडने केली, काका तुमचं खरं आहे, तेच भारी आहे.

पण. समोरच्या काचेवर अजून फिक्कट ढग आहे, तीनदा भिजवलं तरी तसाच. ओली असताना दिसत नाही, वाळली की येतो. आणि त्याच्याबरोबर आलेले खडे, एक हँगऑन (काठावर अडकवायचा) फिल्टर आणि हीटर पण आहे, त्यांचं काय करू?

बोअरवेल_बंड्या:
ओलं असताना जातो ना, मग टँक भरल्यावर आतला भाग दिसणारच नाही. कधी कधी त्या थराखाली काचच बारीक खरखरीत झालेली असते, ते क्षार नसतात, कितीही व्हिनेगर पाजा. ती बाजू भिंतीकडे करून टाका. आणि पाणी जुन्या रेघेच्या बोटभर वर ठेवा, वरची पट्टी झाकणाच्या फ्रेममागे लपते. आमच्या घरी येणाऱ्या कुणालाच आजवर कळलेलं नाही.

चिंचवडचा_मासेवाला:
खड्यांवर थेंबभर व्हिनेगर टाकून बघा. फसफसले तर ते संगमरवराची खडी किंवा शिंपल्याचा चुरा, पाणी आणखी जड म्हणजे क्षारवालं करणार, ते कुंडीत घाला. फसफसले नाहीत तर बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, हात मोडेल पण धुवा. दगड उकळू नका, आत पाणी मुरलेलं असेल तर फुटू शकतात.

फिल्टरची आतली छोटी चक्री बाहेर ओढा, लोहचुंबकाने बसलेली असते, तिच्या दांड्यावर क्षार चढले की घरघर आवाज करते. व्हिनेगरमध्ये तासभर, मग टूथब्रश. जुना स्पंज आणि काळा कोळसा फेकून द्या. हीटरची काच नीट तपासा, केसाएवढा जरी तडा असेल तर कचऱ्यात, वीज आणि पाणी आहे, तिथे बचत नको. चालू करताना पूर्ण बुडवायचा आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, बाहेर काढायचा असेल तर प्लग काढून २० मिनिटं थांबायचं, नाहीतर तापलेली नळी हवेत तडकते. वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी ओघळलं तर प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

तुमच्याकडे पाणी कुठलं? खडकवासल्याचं असेल तर मऊ असतं, काळजी नाही.

रेवती_वाघोली:
कुठलं खडकवासला हो, आम्ही वाघोलीकर, बोअर आणि टँकर. आरओवाल्याच्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८४० दाखवला.

चिंचवडचा_मासेवाला:
मग पाण्याशी भांडू नका, मासे तसे घ्या. मॉली, गप्पी, प्लॅटी, यांना जड पाणी मानवतं. मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राचा हट्ट धरलात तर दर महिन्याला दुकानात जावं लागेल. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं शुद्ध पाणी टाका, आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं नाही, त्यात तर क्षार आणखी जास्त. आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. रेघ येईलच, पण ओल्या फडक्याने जाईल इतपत.

स्वच्छ केला म्हणून लगेच मासे सोडू नका. तुम्ही चांगले-वाईट सगळे जिवाणू धुऊन काढलेत, माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे परत तयार व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाचा चालता, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा, ते जिवाणू त्यात असतात, काम लवकर होतं.

सुमित_पनवेल:
एवढं सगळं करण्यापेक्षा एक सकर फिश सोडा ना, शेवाळ खाऊन काच साफ ठेवतो, वीस-तीस रुपयात मिळतो.

चिंचवडचा_मासेवाला:
सुमितदादा, तो दोन इंचाचा पोर फूटभराचा होतो, शेवाळ खाण्यापेक्षा घाण जास्त करतो, आणि मग लोक "जाऊ दे, जगेल बिचारा" म्हणून नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, काटेरी सकर जाळ्यात अडकून जाळी फाटतात. शेवाळ कमी हवं तर टँक खिडकीच्या उन्हात ठेवू नका, लाइट सहा-आठ तासच लावा आणि दोन मिनिटात संपेल एवढंच खायला घाला.

लॅबवाली_नाशिक:
रेवती, लीक टेस्ट केलीस का? जुन्या टँकची ती आधी, मासे नंतर. भरला की पाणीच दीडशे किलोच्या आसपास जातं, खडे स्टँड धरून दोनशे. लेव्हलची जागा बघ, खाली थर्माकोलची शीट, आणि चारही बाजूंना वर्तमानपत्र. एकदम काठोकाठ भरू नकोस.

रेवती_वाघोली:
हो ताई, परवापासून तेच चाललंय. एक तृतीयांश भरून चार तास, मग अर्धा, मग पूर्ण. खालच्या पार्किंगमध्ये केलं, हॉलमध्ये हिंमत नाही झाली. पहिल्या रात्री अकराला बघितलं तर निळ्या कोपऱ्याखालचा पेपर ओला! माझं तोंड उतरलं, नवरा म्हणे बिर्याणी परत माग. दीराने टॉर्च लावून कोपऱ्यावर पावडर भुरभुरली, की ओघळ येत असेल तर दिसेल, काहीच नाही. मग लक्षात आलं की पाइप काढताना पाणी तिथेच सांडलं होतं. पेपर बदलला, आज दुसरा दिवस, चारही कोपरे कोरडे, पाण्याच्या पातळीला पेनने खूण केलीय ती पण केसभरच खाली.

उद्या वर आणतोय, भरलेला नाही, रिकामा करून, चार जणांनी. मैत्रिणीकडून वापरातला स्पंज मिळतोय. सासरे पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून नुसतं पाणी बघत बसतात, वॉचमन विचारतो काका मासे कुठायत. आणि सहावी बाटली उरली होती त्यात मावशींनी मिरच्या घालून ठेवल्यात.